पर्यावरणाचा तास वेळापत्रकात कुठे बसवायचा? आधी शाळेची विहीर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्जन्यछायेतल्या एका तालुक्यात एका संस्थेची पाचवी ते बारावीची शाळा आहे आणि त्याच आवारात पदवी महाविद्यालय. मुख्याध्यापिका विचारतात: पर्यावरण शिक्षणाला स्वतंत्र तासिका द्यावी की ते सगळ्या विषयांत मिसळावे? जलसुरक्षेच्या आणि पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या सध्या एकमेकांच्या किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या असतात. जूनमध्ये शाळा उघडली की झाडे लावली जातात, पुढे त्यांचे काही होत नाही. शिक्षक म्हणतात, आहे तोच अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात आणखी भर नको. निधीही नाही.

मॅडम, स्वतंत्र विषय की मिसळण, हा वाद जुना आहे आणि आपण दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण सक्तीने शिकवायला सांगितले. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले आणि एनसीईआरटीला (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला) इयत्तावार अभ्यासक्रम तयार करायला लावला. त्याच सुमाराला विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात ५० तास होते आणि त्यातले ५ क्षेत्रभेटीचे. गुण मात्र लेखी परीक्षेला ७५ आणि क्षेत्रकार्याला २५. म्हणजे वेळेचा दहावा हिस्सा आणि गुणांचा चौथा. हा हिशेब जुळत नाही, आणि क्षेत्रकार्याचे अहवाल नकलून येऊ लागले याचे एक मोठे कारण मला इथेच दिसते. मुलांना बाहेर न्यायला वेळ दिला नाही, पण बाहेर जाऊन आल्याचे कागद मागितले. तुमच्या प्रकल्पवह्यांची गतही हीच आहे. मुले आळशी आहेत असे मला वाटत नाही. 'ओझोनचा ऱ्हास' हा विषय दिल्यावर सातारा काय आणि सोलापूर काय, मूल दुसरे काय करणार?

मिसळण केली तर वेगळी अडचण येते. विज्ञानाच्या सरांना वाटते भूगोलात होते, भूगोलाच्या बाईंना वाटते विज्ञानात होते, आणि वर्षअखेरीस अहवालात सगळ्या विषयांपुढे बरोबरची खूण असते.

म्हणून तासिकेचा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न असा: तुमच्या शाळेच्या आवारात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर असे काय आहे, जे तुमची मुले दरवर्षी, न चुकता, एकाच पद्धतीने मोजू शकतील? ती एक गोष्ट ठरली आणि तिची नोंदवही सुरू झाली, की कोणत्या विषयाने तिच्यातून काय उचलायचे हे ठरवता येते. नोंदवही नसेल तर स्वतंत्र विषय पाठांतराचा होतो आणि मिसळण कागदावरची होते. शिक्षक प्रशिक्षणात इतकी वर्षे घालवल्यावर माझे याबाबत ठाम मत झाले आहे.

तुमच्याकडे शाळेची विहीर आहे. मग दुसरे काही शोधू नका.

विहिरीची पातळी मोजायला मोजपट्टी, तिच्या टोकाला वजन आणि कठड्यावर ऑइलपेंटने केलेली एक पक्की खूण एवढेच लागते. खूण महत्त्वाची, कारण मोजमाप दर वेळी त्याच जागेवरून व्हायला हवे. वजन पाण्याला टेकले की खुणेपाशी आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. उरते ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. मोजणी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. रात्रभर विहीर विसावलेली असते, पाणी झऱ्यांतून भरून स्थिर झालेले असते. मोटार चालू असताना घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, मोटारीचा असतो. मुलांच्या हे लगेच लक्षात येते, कारण दोन्ही वेळचे आकडे शेजारी लिहिले की फरक समोर दिसतो. आठवीच्या मुलामुलींच्या जोड्या करा, दर सोमवारी एक जोडी. विहिरीवर जाळी हवी आणि मोजताना मोठे माणूस शेजारी उभे हवे. यात तडजोड नको.

शेजारी पर्जन्यमापक. हवामान खाते सकाळी साडेआठला २४ तासांचा पाऊस मोजते, तुम्हीही तीच वेळ पाळा. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर तो 'पावसाचा दिवस' धरतात. मुलांना हे सांगितले की एक चांगला प्रश्न आपोआप उभा राहतो: तितकाच पाऊस १० दिवसांत पडला आणि ३० दिवसांत पडला, तर विहिरीला फरक पडतो का? उत्तर पुस्तकात शोधायची गरज नाही. तीन-चार पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की ते तुमच्या वहीत दिसू लागेल.

तुमची वही सरकारी मोजणीशी जोडूनही घेता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुमच्या जवळची निरीक्षण विहीर कोणती हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा आणि तिचे जुने आकडे मागून घ्या. आपल्या आकड्यांशेजारी ते आकडे मांडताना मुलांना पहिल्यांदा कळते, की आपण करतो ते काम खरे आहे, मोठी माणसेही तेच करतात.

आता शिक्षकांच्या तक्रारीकडे येतो. ती रास्त आहे. त्यांच्यावर भर घालू नका, अदलाबदल करा. नववी-दहावीच्या गणितात सांख्यिकी आहेच. पुस्तकातल्या काल्पनिक आकडेवारीच्या जागी विहिरीचे आणि पावसाचे आकडे द्या, सरासरी आणि आलेख त्यांचेच काढायला सांगा. तुमच्या विहिरीचा व्यास ६ मीटर धरला, तर पातळी १ मीटर खाली गेली म्हणजे किती पाणी गेले? वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजे २८ हजार लिटर. शाळेचे छप्पर ३०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर छपरावर दीड लाख लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन वगैरे धरून ८० टक्के हाती लागले तरी १ लाख २० हजार लिटर. ही दोन उदाहरणे करायला जादा तास लागत नाही. पण छपराचे पाणी कुठे जाते हे पाहायला मुले मधल्या सुट्टीत स्वतःहून शाळेला चक्कर मारतात, हे मी पाहिले आहे.

भूगोलात खडक आहेतच. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा आहे आणि अखंड काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. विहीर खोदणारे लोक मुरूम, मांजऱ्या, काळा फत्तर असे खडकाचे थर हातावर मोजून सांगतात. अशा एखाद्या कारागिराला एक दिवस वर्गात बोलवा आणि त्याला पाहुण्याचा मान द्या, सत्कार समारंभ न करता. त्याने फळ्यावर काढलेला विहिरीचा छेद आणि पुस्तकातली आकृती मुलांनी ताडून पाहावी. एका विहिरीला पाणी लागते आणि शंभर पावलांवरची कोरडी जाते, याचे कारण पाठ्यपुस्तकापेक्षा तो अधिक नेमके सांगेल.

मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना यात सर्वांत श्रीमंत भाग मिळतो, आणि नेमके त्यांनाच पर्यावरणाच्या बैठकीला बोलावले जात नाही. मुलांनी घरातल्या आजी-आजोबांना १९७२चा दुष्काळ विचारावा. रोजगार हमीच्या कामांवर खडी कोणी फोडली, सुकडी (कामांवर वाटला जाणारा पौष्टिक पिठाचा खाऊ) कशी मिळायची, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव कशी होती, गुरे कुठे नेली, विहीर किती खोल खणली. दुष्काळातल्या त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्याच कामांतून गावोगावी पाझर तलाव उभे राहिले. तुमच्या शिवारातला तलाव त्यातला आहे का, हे मुलांनी शोधावे. मुलाखत घेणे, ती जशीच्या तशी बोलीत उतरवणे, मग तिचा गोषवारा लिहिणे, हा मराठीच्या उपयोजित लेखनाचाच अभ्यास आहे.

इथे एक गोष्ट टाळू नका. गावातल्या जुन्या विहिरी कोणाच्या होत्या आणि त्यांवर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हेही मुलांच्या मुलाखतींत येईल. येऊ द्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह केला, तो पाण्याच्या हक्काचा होता. महाराष्ट्रात पाण्याचे शिक्षण द्यायचे आणि ही बाजू गाळायची, तर मुलांच्या हाती अर्धेच सत्य देतो आपण. तसेच आजचे: घरात पाणी कोण भरते, टँकर आला की वर्गातून आधी कोणाला बोलावणे येते, परीक्षेच्या दिवसांत हंडा कोणाच्या डोक्यावर असतो. मुलींच्या हजेरीपटाशेजारी उन्हाळ्यातली पाणीपातळी ठेवून पाहा. शिक्षकांनी हे नाव न घेता, एकूण आकड्यांत मांडावे, कोणत्याही मुलीला वर्गासमोर उभे करून नव्हे.

पाचवीला परिसर अभ्यास आहे. लहान मुलांना विहिरीपाशी नेऊ नका, त्यांना एक झाड द्या. आवारातला कडुनिंब किंवा शेताच्या बांधावरचा पळस किंवा बहावा. दर आठवड्याला पाने कोवळी की जून, कळ्या, फुले, फळे, एवढेच पाहायचे आणि तारीख घालून लिहायचे. 'सीझनवॉच' नावाच्या देशव्यापी उपक्रमात शाळा अशा नोंदी पाठवू शकतात.

झाडांचा विषय निघालाच आहे, तर वृक्षारोपणाबद्दल माझे मत सांगतो. ते पूर्ण बंद करा असे मी म्हणत नाही, पण पुढची तीन वर्षे नवे खड्डे घेऊ नका. आधी लावलेल्या रोपांची यादी करा, जगलेली किती ते मोजा आणि मेलेल्या प्रत्येक रोपाचे कारण मुलांनी शोधावे: पाणी, शेळ्या, चुकीची जागा की चुकीची जात. जगलेल्यांत गिरिपुष्प आणि सुबाभूळच असतील तर त्याचाही विचार व्हावा, कारण दोन्ही परदेशी आहेत. माळरानावर तर झाडे लावूच नका. आपल्या भागातले गवताळ माळ ओसाड दिसतात, पण ती लांडगा, काळवीट, तणमोर यांची घरे आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य झाले ते माळढोक पक्ष्यासाठी, आणि माळढोकाला गवत लागते, झाडी नाही. मेंढपाळांचीही गुजराण त्याच गवतावर असते. 'झाड म्हणजे पर्यावरण' हे समीकरण मुलांच्या डोक्यातून काढणे हे पर्यावरण शिक्षणाचे मोठे काम आहे.

शपथांबाबतही असेच. 'मी प्लास्टिक वापरणार नाही' अशी शपथ घेऊन मूल घरी जाते, तिथे किराणा त्याच पिशवीतून येतो आणि त्या घराला दुसरा पर्याय परवडत नाही. मुलाने आईला बोल लावायचे का? त्यापेक्षा शाळेचा कचरा एक आठवडा ओला, सुका आणि घातक असा वेगळा करून वजन करा. सोबत गावातल्या सफाई कामगाराला बोलवून विचारा, की यातले कशाचे पैसे येतात, कशाने हात कापतो, काय जाळले जाते. मग शाळेच्या भांडारातून काय विकत आणायचे थांबवता येईल हे मुलांनी तुम्हाला लेखी सांगावे, आणि त्यातले निदान एक तुम्ही मान्य करावे. मुलांच्या शिफारशीवर मुख्याध्यापिकेची सही झाली, की तो धडा विसरला जात नाही.

नवीन कल्पना म्हणून हे सांगत नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये मांडलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा गाभा हाच होता, की हाताने केलेल्या कामातून गणित, विज्ञान, समाज शिकायचा. पुढे अल्मोड्याच्या उत्तराखंड सेवा निधी पर्यावरण शिक्षा संस्थानाने डोंगरातल्या शाळांसाठी असाच अभ्यासक्रम उभा केला. गावाला चारा, सरपण, पाणी किती लागते आणि गावची जमीन त्यातले किती पुरवू शकते, हे सहावी ते आठवीची मुले मोजत. उत्तराखंड राज्याने तो नियमित विषय म्हणून स्वीकारला. आपल्या जवळचे उदाहरण हिवरे बाजारचे. तिथे दरवर्षी पडलेल्या पावसावरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिके त्यानुसार ठरतात. तुमची मुले जे शिकणार आहेत, त्यावर एक गाव चालते.

प्रकल्पवह्यांची नक्कल थांबवायला प्रश्न बदला. मी सुचवतो ते असे: 'तुमच्या नोंदींपैकी कोणता आकडा तुम्हाला संशयास्पद वाटतो आणि का?' 'मागच्या वर्षीच्या याच आठवड्यापेक्षा पातळी वेगळी का असावी? दोन कारणे द्या, त्यातले कोणते खरे हे कसे तपासाल?' या प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर नाहीत, शेजारच्या शाळेतही नाहीत. गुण विहिरीपाशी पेन्सिलीने केलेल्या कच्च्या नोंदींना द्या. सुवाच्य अक्षरातली, रंगीत चित्रे चिकटवलेली पक्की वही मागूच नका. जलसुरक्षा हा श्रेणी विषय, म्हणजे निकालात गुणांऐवजी श्रेणी दाखवला जाणारा विषय, असल्यामुळे तुम्हाला इथे मोकळीक आहे. ती बहुतेक शाळा वापरत नाहीत.

तासिकेचे उत्तर आता देता येते. आठवड्याला एक स्वतंत्र तास ठेवा, पण त्यात धडा शिकवायचा नाही. त्या तासाला मोजणी, नोंद आणि त्यावरची चर्चा व्हावी. बाकीचे सगळे आपापल्या विषयांत. आणि एका शिक्षकाला किंवा शिक्षिकेला यासाठी जबाबदार धरा, त्या बदल्यात दुसरा तास काढून घ्या. तास काढून न घेता दिलेली जबाबदारी पहिल्या सत्रातच सुटते. नोंदवही शाळेच्या दप्तरात अनुक्रमांक घालून ठेवा, जडवस्तू नोंदवहीच्या शेजारी. शिक्षक बदलले किंवा निवृत्त झाले की चार्ज देताना तीही सही करून द्यायची. असे उपक्रम बुडतात ते बहुधा उत्साही शिक्षक गेल्यावर. त्यावर दुसरा इलाज मला माहीत नाही.

आता महाविद्यालय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवीस्तरासाठी पर्यावरण शिक्षणाची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि क्षेत्रकार्याला जागा आहे. तुमच्या प्राचार्यांना माझे सांगणे एवढेच, की विद्यार्थ्यांना 'जागतिक तापमानवाढ' या विषयावर सेमिनार द्यायला लावण्याऐवजी शाळेची वही त्यांच्या हाती द्या. रसायनशास्त्र विभागाने पावसाळ्याआधी आणि नंतर त्या विहिरीचे आणि गावातल्या चार-पाच उद्भवांचे पाणी तपासावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. फ्लोराइड १च्या आत हवे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ चालते. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत ठीक, पर्याय नसेल तर २००० पर्यंत. खताच्या शेतांजवळच्या किंवा शौचालयाच्या शोषखड्ड्याजवळच्या विहिरीत नायट्रेट वाढलेले आढळू शकते. काही घातक आढळले तर आधी सरकारी प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या, मगच गावात बोला. अर्धवट आकड्याने घबराट होते आणि पुढचे खरे आकडेही कोणी ऐकत नाही.

वाणिज्य शाखेने ग्रामपंचायतीकडून टँकरच्या खर्चाची बिले मागवून हिशेब मांडावा. राज्यशास्त्राच्या मुलांनी २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम वाचावा. ६० मीटरपेक्षा (सुमारे २०० फुटांपेक्षा) खोल विंधन विहिरींवर त्यात बंधने आहेत, आणि गावात बोअर किती फुटांपर्यंत जातात हे प्रत्येक विद्यार्थ्याला घरूनच ठाऊक असते. कायदा आणि शिवार यांतली ही तफावत कशामुळे, यावर लिहायला सांगा. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला खलनायक करणारे निबंध मात्र स्वीकारू नका. त्याला उसाची हमी कोणी दिली आणि ज्वारीची का नाही, इथपर्यंत विद्यार्थी पोहोचला पाहिजे.

ऑक्टोबरची मोजणी २ तारखेच्या ग्रामसभेआधी उरका. त्या दिवशी नववीच्या दोन मुलींनी आणि महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्याने पाऊस, पातळी आणि पाण्याची तपासणी यांचा एका पानाचा तक्ता सभेत वाचून दाखवावा. भाषण नको, सल्ला नको. रब्बीला काय पेरायचे ते गाव ठरवेल. सरपंचांना आठवडाभर आधी भेटून विषयपत्रिकेत तो विषय घालून घ्या, नाहीतर मुलींना शेवटी, लोक उठू लागल्यावर बोलायला मिळते.

निधीचे म्हणाल तर साधा पर्जन्यमापक, ३० मीटरची मोजपट्टी, ऑइलपेंटचा एक डबा आणि बांधीव नोंदवही, एवढे शाळेच्या सादिलातून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, निघते. पर्जन्यमापक झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर बसवा. मे महिन्यातच एकदा विहीर मोजून ठेवा, शाळेला सुट्टी असली तरी. वर्षातली सर्वांत खालची पातळी तेव्हाच मिळते, आणि ती नसेल तर पावसाने विहीर किती वर आणली हे सांगायला तुमच्याकडे काहीच राहणार नाही.